बियाण्याचा वाफा आणि 'अनडूइंग'

दहावीच्या वर्गात 'अनडूइंग' हा शब्द शिकवताना मी फार रंगात येतो. स्वतःच्या हातानं ओढवून घेतलेला नाश, किंवा नेमकं सांगायचं तर त्या नाशाचं कारण. फळ्यावर वाक्यं लिहितो. गर्व हे राजाचं अनडूइंग ठरलं. हाव हे व्यापाऱ्याचं अनडूइंग ठरलं. मग मराठीत फोड करतो, अरे, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं! मुलं हसतात. धोंडा नेहमी दुसऱ्याच्या पायावर पडलेला असतो, म्हणून मीही हसतो. माझं स्वतःचं वाक्य मी अजून वर्गात सांगितलेलं नाही.

शाळा मंचरला आणि घर बोरी बुद्रुकला. शेती आई बघते, मी रविवारचा शेतकरी. कांदाचाळीत साठवलेले निवडक कांदे बाजूला काढून आई दरवर्षी बियाण्यासाठी एक वाफा लावते. माघात त्याला पांढरे गोंडे येतात, त्यावर मधमाश्या बसतात आणि मग बी धरतं. हे बी तिनं लग्नानंतर पहिल्या वर्षी माहेराहून आणलं होतं. दुकानातलं बी आमच्या घरात कधी आलंच नाही, याचा तिला कोण अभिमान!

त्या माघात ती दोन दिवस अवसरीला बहिणीकडे लग्नाला गेली. रविवारी मी वाफ्यात गेलो तर गोंड्यांवर फुलकिडे दिसले. आई आली की म्हणेल, मास्तरलाही शेती कळते. या हौसेनं मी गाडीला किक मारली, औषध आणलं आणि पंप पाठीला लावला. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. बांधापलीकडून शेजारचे भाऊ ओरडले. त्यांच्याकडे पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता, आता दहा-बारा उरलीत आणि बाकी टोमॅटोची शेती.

"मास्तर, फुलावं मारू नगा! माश्या बसल्यात राव."

"बाटलीवर काय लिहिलंय ते वाचता येतं मला," मी म्हणालो.

वाचता येत होतं, वाचलं मात्र नव्हतं. फवारून झाल्यावर हात धुताना बाटली सहज उलटी केली. पीक फुलोऱ्यात असताना आणि मधमाश्या फिरत असताना फवारू नये, असं बारीक अक्षरात छापलं होतं. इंग्रजीत होतं आणि मराठीतही होतं. संध्याकाळपर्यंत वाफ्यात जागोजागी माश्या मरून पडल्या.

दुसऱ्या दिवशी आई आली. वाकून एक माशी तिनं उचलली आणि तळहातावर ठेवली.

"शेजारच्या भावजींनी टमाट्यावं फवारलं जणू. वाऱ्यानं इकडं आलं आसल."

बोलायचं होतं ते तिथंच. मी म्हणालो, "असेल."

आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. विहिरीवर जायची बांधावरची वाट सोडून ती लांबच्या वाटेनं जाऊ लागली. "वैनी, बरं हाय का?" म्हणून ते हाक मारायचे, ही मान फिरवायची. मग ते माझ्याकडे बघायचे आणि मी मोबाईलमध्ये बघायचो. एकदा रस्त्यात ते एकटेच भेटले. मला वाटलं, आता हा माणूस माझी चांगली खरडपट्टी काढणार. ते म्हणाले, "वैनी लई रागावल्यात. आमचं काय चुकलं का?" आपल्यावर कसला आळ आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "नाही हो, गुडघे दुखतात तिचे," असं सांगून मी गाडी पुढे काढली. त्याच आठवड्यात वर्गात राजाचा गर्व शिकवला.

बी गेलं ते औषधानं. चूक होती, आणि चुका कुणाच्याही हातून होतात. पण अंगात जो थोडाफार भलेपणा आहे असं मी समजत होतो, तो त्या 'असेल'नं गेला. माझं अनडूइंग ते. वर्गात शब्दाचा अर्थ मी बरोबर सांगत होतो, एवढंच काय ते समाधान.

चैत्रात गोंडे खुडले. आई ओट्यावर बसून ते चोळून सुपात पाखडत होती. दरवर्षी सूप काळ्या बियांनी भरून जातं. या वेळी सगळं पोचट, वाऱ्यावर उडून गेलं. मूठभरही मागं राहिलं नाही.

"वाटोळं केलं त्या माणसानं," ती म्हणाली. "माझ्या आईचं बी व्हतं रं."

"आई, औषध मी मारलं," मी म्हणालो. "ते नको म्हणत होते."

बियाण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

"आन् दोन म्हैनं गप ऱ्हायलास?"

तिनं सूप खाली ठेवलं, पदर नीट घेतला आणि ती बांधाकडे निघाली. भाऊ मेंढरांना पाला टाकत होते. साठी ओलांडलेल्या माझ्या आईनं त्यांच्यापुढे हात जोडले.

"भावजी, चुकलं आमचं. पदरात घ्या."

"आवं वैनी, हात कशापायी जोडता?" म्हणत ते मागे सरले.

मी ओट्यावर उभा होतो. बांध तीस पावलांवर होता. जोडायला हवे होते ते हात माझे होते. आईनं वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भाऊंनीही पाहिलं. मी खाली बसलो, सूप उचललं आणि त्यात काहीच नसताना पाखडत राहिलो.