बालाघाटच्या हरणाचे वाटे

आमच्या घरी दर हिवाळ्यात मध्य प्रदेशात जाऊन हरीण मारायचा बेत ठरत असे, आणि तो बेत मी एकट्याने हाणून पाडला. माझी आजवर यशस्वी झालेली ही एकमेव चळवळ.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, नागपूरहून नुकताच भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या चिखल्याला परतलो होतो आणि संतापलेला होतो. (कशावर, ते रोज पेपर आल्यावर ठरायचं.) आमच्या घरात अंकलिपीच्या आधी पत्रकं आली. बाबा मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि युनियनची पत्रकं गठ्ठ्याने घरी आणायचे. मी अक्षरं शिकलो ती ‘कामगार बंधूंनो!’ वाचून. काना-मात्रेच्या आधी मला उद्गारचिन्ह कळलं!

मी परतलो तेव्हा बाबा निवृत्त झाले होते आणि आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघं. दिवसभराचं बोलणं साधारण असं:

“मीठ कमी हाय.”

“हो.”

संपलं! पण दुपारी चार वाजले की अंगणात दोन खुर्च्या जास्तीच्या यायच्या. एकीवर मारोतीकाका, ज्यांनी जन्मभर खाणीत सुरुंग लावले. दुसरीवर शालिककाका, ज्यांनी जन्मभर माणसं खाली सोडायची आणि वर काढायची मशीन चालवली. उन्हाची तिरीप अंगणातून सरकेपर्यंत तिघं शिकारीचा बेत करायचे. त्या दोन तासांत माझे मीठ-कमी-बाबा असे बोलत, की मी आत बसून ऐकत राही, हे कोण गृहस्थ आलेत म्हणून!

“बालाघाटलेच काहून?” मी एकदा चहा देताना विचारलं.

“पयले इकडलं सारं जंगल आपल्याच जिल्ह्यात होतं,” शालिककाका म्हणाले. “जिल्हा फुटला अन् हरणं गोंदियात गेली. मंग परक्या जिल्ह्यात जायचंच हाय, तं परक्या राज्यात गेलेलं काय वाईट?”

“अन् आपल्या राज्याचा कायदा तिकडे लागत नाई,” मारोतीकाकांनी भर घातली.

“काका, कायदा साऱ्या देशाचा आहे! हरीण मारणं गुन्हा आहे! तुरुंगात जाल!”

“हरणाले मालूम हाय का पण?”

मी बाबांकडे वळलो. “बाबा, तुम्ही दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेता. प्राणिहत्या करणार नाही म्हणता. आणि हे?”

बाबा शांतपणे म्हणाले, “म्हूनच तं गोळी मारोती मारणार हाय. मी फक्त मसाला वाटणार.”

मी तिथेच ठरवलं, हे रोखायचं!

त्यात मला पुरावेही रोज मिळत होते. गोळी सुटायच्या आधीच या मंडळींनी हरणाचे वाटे करून टाकले होते. शालिककाकांच्या साळ्याची बंदूक, म्हणून त्याला मागची मांडी. मारोतीकाकांना मान आली, तर ते दोन दिवस रागावून घरी बसले. (त्यांना कलेजी हवी होती. हरीण त्या वेळी बालाघाटच्या जंगलात, कलेजीसकट, मजेत चरत असणार!) शेवटी बाबा स्वतः जाऊन त्यांची समजूत काढून आले आणि आपली कलेजी देऊन बसले.

मग निघाला जुना नियम. शिकार घेऊन परतताना वाटेत जो पहिला माणूस भेटेल, त्यालाही वाटा द्यावा लागतो.

“सोसायटीचा सेक्रेटरी भेटला तं?” शालिककाकांनी शंका काढली.

“त्याले? त्याले कायले द्यायचा गा?” बाबा उसळले. “त्यानं मले धानाच्या बोऱ्यासाठी तीन खेपा मारायले लावल्या!”

“नियम म्हंजे नियम.”

“मंग रस्ता बदला!”

आणि खरोखर, एका माणसाला हरणाचं मटण मिळू नये म्हणून त्या तिघांनी परतीचा रस्ता वीस-पंचवीस किलोमीटर लांबून वळवला. इतक्या बारकाईने आखलेला गुन्हा मी तरी कुठे वाचला नव्हता!

मी तालुक्याला, तुमसरला, जाऊन पत्रकाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या. ‘चिखलावासीयांनो, जागे व्हा! आपल्या गावात रक्तपिपासू टोळी!’ नावं मी घातली नाहीत. (फक्त ‘एक माजी सुरुंगवाला, एक माजी मशीनवाला आणि त्यांचा मसाला वाटणारा सूत्रधार’ एवढंच लिहिलं.) दोन प्रती चहाच्या टपरीवर लावल्या, बाकीच्या वाटल्या आणि एक, तत्त्वाला जागून, वनखात्याच्या ऑफिसात टाकली.

चौथ्या दिवशी, चारच्या सुमारास, मोटारसायकलवरून एक वनरक्षक आमच्या अंगणात उतरला. मागोमाग टपरीवरचं अर्धं गाव आलं.

“शिकारीले जाऊन राहिले म्हणे तुम्ही?”

कोणीही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण मारोतीकाकांनी छाती काढली. “हाव! जाऊन राहिलो!”

“बंदूक कोठी हाय?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“माह्या साळ्याची हाय,” शालिककाका म्हणाले. “निवडणुकीच्या वक्ताले ठाण्यात जमा केली होती.”

“कोणत्या निवडणुकीत?”

“तं... लय झाल्या ना गा मधात.”

“मंग साळ्याले बोलवा.”

“तो वारला. सात वर्षं झाली.”

वनरक्षकाने वहीत लिहायला काढलेलं पेन खाली केलं. “अन् जीप?”

“जीप पाह्यणार होतो,” बाबा हळूच म्हणाले.

“मंग हाय तरी काय तुमच्याजवळ?”

बाबा उठले, घरात गेले आणि एका डब्यात बांधलेली मसाल्याची पुरचुंडी घेऊन आले. वनरक्षकाने ती उघडली, हुंगली आणि त्याला एक जोरदार शिंक आली. मग त्याने खिशातून माझं पत्रक काढून मोठ्याने वाचलं. ‘रक्तपिपासू टोळी’पाशी कुंपणाजवळ कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं अंगणच हसत सुटलं. “बेत कराले काही मनाई नाही, काका,” वनरक्षक गाडीला किक मारत म्हणाला. “करा आरामशीर.”

पण बेत मेला होता. सात वर्षं त्या तिघांना ठाऊक होतं की बंदूक नाही. फक्त ते कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. आता सारं गाव म्हणत होतं. टपरीवर मारोतीकाकांना पोट्टे विचारत, “काका, कलेजीचा वाटा भेटला का?”

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाबांनी दोन खुर्च्या काढल्या. सहा वाजता आत ठेवल्या. तिसऱ्या दिवशीही काढल्या. आठव्या दिवशी काढल्या नाहीत.

पत्रक कोणी लिहिलं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. एवढी उद्गारचिन्हं चिखल्यात दुसरं कोण वापरणार होतं? मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला. कंत्राटी मजुरांच्या प्रश्नावर बोललो, शिक्षणाच्या बाजारीकरणावर बोललो, अर्धा तास बोललो.

“हूं,” बाबा म्हणाले. मग म्हणाले, “मीठ जास्त झालं.”

त्या घरात आता नळाचा थेंब पडला तरी मला मागच्या खोलीत ऐकू यायचा. आणि मला कळलं, की चार ते सहा मीसुद्धा कान देऊन बसत होतो, नुसता पुराव्यासाठी नाही. दिवसभरात त्या घरात माझ्याही कानावर माणसाचा आवाज पडायचा तो तेवढाच.

शेवटी मी मारोतीकाकांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“माफ करा, काका. या ना उद्यापासून.”

“येऊन काय करू बे? साऱ्यायले मालूम झालं, बंदूक नाई म्हून.”

आणि मी, कायद्याचा पाईक, पंचशीलाचा रक्षक, पन्नास झेरॉक्सचा धनी, हात जोडून म्हणालो, “बंदुकीचं काहीतरी बघू ना, काका!”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “तू बंदूक पाह्यतो?”

“नुसतं बोलायपुरती! बाबा पंधरा दिवस झाले, मिठाशिवाय बोलले नाहीत हो.”

त्यांनी दार लोटून घेतलं. शालिककाकांकडेही तसंच झालं. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता दोघंही येऊन उभे राहिले, खुर्च्या नव्हत्या म्हणून. बाबांनी घाईने त्या काढल्या. एका खुर्चीचा पाय दाराला अडकला, तो मी सोडवला.

 मग बाबा खाकरले. “बालाघाट आता नको. तिकडे आपलं नाव खराब झालं.”

“छत्तीसगड?” शालिककाका.

“लांब पडंल,” मारोतीकाका म्हणाले. “पण कलेजी मले.”

मी आत जाऊन डोळे पुसले. (कांदा चिरत होतो, असं सांगायला घरात कांदाही नव्हता.) चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा जीपमध्ये कोण कुठे बसणार, हे ठरत होतं. ड्रायव्हरशेजारी मारोतीकाका, मागे शालिककाका आणि बाबा. मला फार वर्षांनी आपलं कोणीतरी असल्यासारखं वाटलं. मी कप ठेवले आणि शक्य तितक्या सहज विचारलं, “अन् मी कुठे बसू?”

 मारोतीकाकांनी बशीत पाहिलं. शालिककाकांनी आभाळात पाहिलं. शेवटी बाबाच, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, माझ्याशी एक आख्खं वाक्य बोलले.

“तू नको येऊ, बापू. तू लय बोलते, आपण तुमसरात असतानाच तिकडली हरणं पळून जातीन.”

आजवर तीन संघटनांनी आणि एका वाचनालयाने मला काढून टाकलं आहे. पण बंदूक नाही, जीप नाही, हरीण नाही, कोणी कधी निघणारही नाही, अशा मोहिमेतूनसुद्धा वगळला गेलेला कार्यकर्ता अख्ख्या भंडारा जिल्ह्यात मी एकटाच!