मंगळुरी कौलं आणि गारपगारी

दुपारपासून वारा पडलाय. अंगणातल्या लिंबाचं पान हलत नाही, आणि हवेत तो वास आलाय, ओल्या लोखंडाचा, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. फाल्गुनातल्या उन्हात असा गारठा यायला नको. लेक म्हणतो, "आई, उगं कावून घाबरतीस? घराचा विमा उतरवलाय. सिमेंटचे पत्रे फुटले तर कंपनी भरून देईल." देईल बापडी, पत्रे देईल. पदर आवळून वर चढणारा तो काळा-हिरवट ढग बघत बसते. भीती वाटते मला, हे सांगायला या वयात कसली आलीय लाज!

विमा हा शब्द आमच्या गावात तेव्हा कुणाच्या कानावर नव्हता, पण रीत होती. निजामाचं राज्य, चकलांब्याच्या अंगाला असलेलं लहानसं गाव, आणि त्या गावाचा गारपगारी. गारा अडवायच्या, हे त्याचं पिढीजात काम. माघ-फाल्गुनात आभाळ फिरलं की तो उघड्या अंगानं, हातात त्रिशूळ घेऊन मारुतीपुढच्या पारावर उभा राहायचा आणि गारांना गावाबाहेर जायला फर्मावायचा. त्याबद्दल दर खळ्यावर त्याच्या वाट्याचं धान्य असे. त्याचे नेमही कडक. गारांच्या दिवसांत एक वेळ जेवायचं, जमिनीवर निजायचं आणि बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा चुकूनही ओलांडायचा नाही. ओलांडला की संपलं. मग गार त्याला जुमानत नाही, असं सगळं गाव मानायचं. आमचा गारपगारी उतारवयाचा, मितभाषी, काटक माणूस होता. आभाळ भरलेलं असताना तो पारावर दिसला की बायकांच्या जिवात जीव यायचा.

आता आमच्या मामंजींचं सांगते. गावातली सगळी घरं माळवदाची. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा हातभर थर. दरसाल नवी माती चढवायची, पावसाळ्यात गळेल तिथं घमेलं लावायचं. मामंजी जालन्याला गेले, तिथल्या स्टेशनावर मंगळुरी कौलं पाहिली आणि खुळावलेच. बैलगाड्या भरून कौलं आणली, आमच्या दोन खणांच्या घरावरचं माळवद उतरवलं आणि ती लालभडक कौलं चढवली. काय तो तोरा! येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगणात उभं करून दाखवायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण हौसेला अक्कल नसते, हेच खरं.

त्या साली आमची ज्वारी सगळ्यांच्या आधी खळ्यातून घरात आली. गारपगारी आपला वाटा मागायला दारात आला तेव्हा मामंजी ओसरीवर सुपारी कातरत होते. म्हणाले, "माल घरात आलाय बे. आता गार पडली काय अन् न पडली काय? तुझं काय काम?" त्यानं वर कौलांकडं पाहिलं. म्हणाला, "मालक, माल घरात हाय, पर घर कुटं हाय?" मामंजी हसले. मीही आतून हसले, कारण मला ते कोडंच वाटलं. माळवदाखाली जन्म गेलेली माणसं आम्ही. गार म्हणजे पिकाचं मरण, एवढंच ठाऊक. डोक्यावरचं छप्पर फुटू शकतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. तो रिकाम्या झोळीनं गेला.

त्यानंतर पंधरवड्यात मी बाळंत झाले. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पाचवा दिवस होता. सासूबाई बाळंत्यांचं बोचकं घेऊन ओढ्यावर गेलेल्या, पुरुषमाणसं शेतात. मी बाजेवर, कुशीत लेकरू आणि बाजेखाली शेकायला ठेवलेली शेगडी. एकाएकी खोलीत अंधारून आलं. मग कौलांवर एक ठक. मग दुसरं. मग जे सुरू झालं, ते आठवलं की अजून कानात दडे बसतात. लिंबाएवढ्या गारा, आणि त्यांच्यासोबत फुटक्या कौलांचे सुऱ्यासारखे तुकडे थेट अंथरुणावर. मी लेकराला पोटाशी धरून बाजेखाली शिरू गेले, तर तिथं धगधगता विस्तव! शेगडी हातानंच ढकलली. तळवे भाजले, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बाजेखाली पालथी होऊन मी लेकरावर कमान केली, आणि सुंभाच्या विणीतून गारांचं पाणी माझ्या पाठीवर गळत राहिलं. लेकरू रडायचं थांबलं. देवा रे, ते रडायचं का थांबलं, याची भीती गारांहून मोठी होती.

तेवढ्यात उंबऱ्यापाशी दोन पाय दिसले. उघडे, पोटऱ्यांवरून रक्त वाहणारे. गारपगारी पारावर उभा होता, तिथून त्यानं आमची कौलं उडताना पाहिली होती. अंगणात दुरुस्तीला पडलेली चामड्याची मोट डोक्यावर धरून तो आला होता.

"माय, लेकरू घिऊन भाईर ये!"

"बाबा, मला उठवत न्हाई," मी ओरडले. आणि बघा माणसाची जात, पुढं काय म्हणाले असेन? "तुमी आत येऊ नका, इटाळ हाय!"

ते पाय तिथंच थांबले. किती वेळ, सांगता येत नाही. मग आढ्याजवळची कौलांची ओळच्या ओळ खाली आली, आणि ते पाय आत आले. त्यानं लेकराला उचललं, मला दंडाला धरून ओढलं, आणि मोटेखाली धरून आम्हाला शेजारच्या माळवदाखाली नेऊन टाकलं. तिथं पोहोचल्यावर लेकरानं टाहो फोडला. इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजी स्वतःच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन त्याच्या दारी गेले. त्यानं ते घेतलं नाही. "नेम मोडला, मालक. आता गार माझं ऐकणार न्हाई. फुकटचं कसं घिऊ?" त्यानंतर त्यानं गावातल्या एकाही खळ्यावर झोळी पसरली नाही. लोकांच्या माळवदांवर पांढरी माती वाहण्याची मजुरी तो करू लागला. आमच्या घरावर पुन्हा माळवद चढलं, तेव्हा तीही माती त्याच्याच पाटीतून आली. पाणी देताना मी धीर करून विचारलं, "बाबा, पस्तावा वाटतो का हो?"

घटाघटा पाणी पिऊन तो म्हणाला, "माय, इतकी सालं गार माझ्यामुळं टळली का आपली आपण, मला कदी कळलं न्हाई. लेकरू मातर ह्याच हातांनी भाईर आलं."

आदल्या साली गार पडली तेव्हा पिकं निघाली होती; पुढच्या माघात ती उभ्या पिकावर पडली. पारावर कुणी नव्हतं. ज्वारीची कणसं चिखलात गेली, गहू झोपला, गावात चार दिवस नीट चूल पेटली नाही. मी लेकराला काखेत घेऊन आडावर गेले तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. कुणी वावगं काही बोललं नाही. एकीनं तर लेकराच्या गालावरून हात फिरवला, पण मी लेकराला झटकन दुसऱ्या काखेत घेतलं.

गार कुणाच्या सांगण्यानं वळत नाही, हे मला आता कळतं. पण आभाळ असं दाटून आलं की तो आड आठवतो, त्या गप्प बायका आठवतात, आणि मी भिते. त्यांच्यातल्या एखादीनं तेव्हा विचारलं असतं, तुझ्या एका लेकरापायी गावानं एवढं सोसायचं का, तर मी काय बोलले असते? मान खाली घातली असती. पण घागर तिथंच टाकून लेकराला घेऊन घरी पळाले असते.