बेंबीवरचा घोडा

यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा! मोबाईलवर घोडा स्वच्छ मराठीत लिहिलेला, तरी शेवटी सगळे मलाच हसले.

आमचे हे चाकणला एका कंपनीत फिटर. नवीन मशीन शिकायला कंपनीनं फ्रान्सला धाडलं. तिथं लिव्हरमधली गाठ फुटली, पोट फाडून ऑपरेशन झालं. भोसरीला परत आले ते फ्रेंच कागद घेऊन. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, "यात काय लिहिलंय ते कळल्याशिवाय कामावर घेता येणार नाही."

महिना झाला, माणूस घरात! सकाळी पंख्याकडं बघायचं, दुपारी माझ्या फोडणीला नावं ठेवायची. कधी एकदा शिफ्टला जातोय असं झालं होतं मला.

मी चौथी पास. पण कागदापुढं मोबाईल धरला की मराठी होतं, एवढं मला येतं. धरला. आलं काय? 'यकृत. मधला काप, बेंबीवर, घोड्यावर बसून.'

डोकंच फिरलं! शेजारच्या शकीलाभाभीला ओढून आणलं.

"या अल्ला! तिकडं डॉक्टर घोड्यावर बसून कापतात व्हय, शालनताई?"

"डॉक्टर कशाला बसंल? आमचं ध्यान बसलं आसंल! सुट्टीत पडलं, लिव्हर फुटलं, अन् मला सांगतंय गाठ!"

हे म्हणाले, "अगं, लग्नात घोड्याला घाबरून चालत आलो मी मांडवात. इसरलीस?"

"तिकडं मी न्हवते ना, म्हणून धीर आला आसंल!"

आता मी गप्प बसणार का? भाजीवाल्याला सांगितलं, शेअर रिक्षात सांगितलं. गिरणीत दळणाच्या रांगेत तर घोड्याचा रंगही सांगितला. पांढरा!

रांगेतल्या एकीचा नवरा नेमका ह्यांच्याच कंपनीत. तिसऱ्या दिवशी तिथून फोन. "घोड्यावरून पडलात ते लपवलंत का? साहेब चिडलेत. नोकरीचं कठीण आहे."

ह्यांचा चेहरा उतरला. मी पदर खोचला. तशीच ह्यांना घेऊन चाकण गाठलं. कंपनीतल्या फ्रेंच येणाऱ्या मॅडम कालच फ्रान्सहून परतल्या होत्या, डॉक्टरनं त्यांना बोलावलं. त्यांनी ती ओळ वाचली आणि खुर्चीत बसून हसायलाच लागल्या.

"अहो मावशी, फ्रेंचमध्ये 'घोड्यावर' म्हणजे अलीकडं एक पाय, पलीकडं एक पाय. काप थोडा बेंबीच्या वर, थोडा खाली. घोडा नाहीच!"

मी तिथंच ह्यांचा शर्ट वर केला. खरंच की! काप वरून आलेला, बेंबीला वळसा घालून खाली गेलेला. आणि महिनाभर त्याला मलम कोण लावत होतं? मीच!

तरी तोंड थांबतंय का? "मग सरळ वर-खाली लिहायला काय धाड भरली होती त्यांना?"

डॉक्टरनं शिक्का मारला. "सोमवारपासून या कामावर. फक्त साहेबांना खुलासा लिहून द्या. ही घोड्याची बातमी उठवली कुणी?"

"मोबाईलनं!" मी म्हटलं.

"माणसाचं नाव लागेल."

"गिरणीतल्या बाया लई बोलत्यात, डॉक्टर…"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ह्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि ठळक अक्षरात लिहूनही टाकलं: सौ. शालन दत्तात्रय शिंदे.