समोरच्या खोलीतला रेडर

घोडपदेवच्या आमच्या चाळीत, समोरच्या खोलीत तो राहतो. व्यावसायिक कबड्डी संघाचा रेडर. मैदानात मांडी थोपटत चढाईला जाणारा हा मुलगा चाळीत मात्र हळू बोलायचा. येताजाता मला "काका, चहा झाला?" एवढंच विचारायचा.

मागच्या सामन्यात त्याचं डोकं जोरात आपटलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला चहाचं तेच पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मग तो आपली समजून शेजाऱ्यांच्या खोलीत शिरू लागला. मी हात धरला तेव्हा तो भानावर आला.

"आईला बोलू नका, काका. शनिवारी मॅच आहे. बाहेर बसवतील मला."

मी त्याच्या आईला सांगितलं. शनिवारी टीव्हीवर तो बाकावर बसलेला दिसला.

आता मला पाहिलं की तो मान वळवतो. डॉक्टर काय म्हणाले, हे विचारायचं मला धाडस होत नाही.