सावरीच्या कापसाचा खोकला

"घरात लहान मूल आहे का?" डॉक्टरांनी पहिला प्रश्न हा विचारला. माझ्या थुंकीच्या तपासणीचा कागद त्यांच्या हातात होता. टी.बी. आहे, म्हणजे क्षय, हे त्यांनी नंतर सांगितलं. आमचे हे म्हणाले, "नाही." खोटं काहीच नव्हतं त्यात. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "चला, एक काळजी मिटली."

मला तेव्हा राग आला होता. जिला मूल नाही तिने मरायला हरकत नाही, असाच अर्थ मी घेतला. स्वभावच तसा माझा, सरळ बोलणं वाकडं ऐकायचा. आज हे लिहिते आहे ते त्या एका 'नाही'पायी. तुमच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी हेच विचारलं तर उत्तर देण्याआधी जरा थांबा, एवढंच सांगायचं आहे.

आजाराची सुरुवात खोकल्याने झाली. कोरडा, दुपारचा खोकला. संध्याकाळी अंग कसकसायचं. पण माझ्या खोकल्याला घरात कारण तयार होतं. मी कापडाचे प्राणी शिवायचे. हत्ती, ससे, एक गवा, जमेल तसा वाघ. जुन्या लुगड्यांचं कापड आणि आत सावरीचा कापूस. आमच्या वाडीत सावरीचं झाड होतं. चैत्रात बोंडं फुटली की तो मऊ कापूस पिशव्यांत भरून ठेवायचा. पण त्याची तुसं फार उडतात. नाकात जातात, घशात बसतात. सासूबाई म्हणायच्या, कापूस बाधला हिला, दुसरं काय. ज्येष्ठमध चघळायला द्यायच्या. मलाही तेच सोयीचं वाटलं. पाच महिने मी ज्येष्ठमध चघळत क्षय अंगावर काढला.

हे प्राणी मी ओळखीच्यांकडे बारशाला द्यायचे. कुणाकडे बारसं ठरलं की बायका निरोप पाठवायच्या, यंदा हत्ती हवा हो. मला त्याचा भारी अभिमान. आपल्या घरात नाही तर नाही, पण गावातल्या पाळण्यांतून माझे हत्ती निजतात, असं मी मनाशी म्हणायचे.

आणि मदतीला तानी होती. आमच्या वाडीला पाणी लावणाऱ्या गंगूची मुलगी, पाच वर्षांची. बाप गलबतावर, आई दिवसभर रहाटाशी, म्हणून ही दुपारी माझ्याकडे. कापसातल्या काळ्या बिया ती वेचून काढायची. हत्तीच्या सोंडेत कापूस भरायला माझं बोट जात नसे, तिचं जायचं. मला टेकून बसायची, बडबडायची. कधी मांडीवरच झोपायची आणि मी तिच्या डोक्यावरून सुई चालवायचे. खोकला आला की तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायची.

तिला मी एकही प्राणी दिला नाही. "तुझा नंतर," असं दर वेळी सांगायचे. सगळे प्राणी हिच्याच हातचे, खेळते तर सगळ्यांशी, हिला वेगळा कशाला? खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. नीटनेटका हत्ती गंगूच्या खोपटात धुळीत लोळणार, हेही मनात यायचं. लाज वाटते, पण लिहायलाच हवं.

डॉक्टरांकडून घरी आलो आणि पहिली आठवण झाली ती या प्राण्यांची. सुईत ओवताना दोऱ्याचं टोक मी तोंडात ओलं करायचे, गाठ मारली की दातांनी तोडायचे. म्हणजे प्रत्येक हत्तीला माझी थुंकी. मी ह्यांना नावं सांगितली, ह्यांनी कागदावर उतरवली. सात घरं निघाली. आमच्या वन्संचं लग्न ठरलं होतं, तेव्हा रोगाचं नाव काढायची सोय नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, सासूबाईंनी बजावलं. ह्यांनी सातही घरी जाऊन सांगितलं की कापसाला कीड लागली आहे, मुलांना चावेल. प्राणी परत आणले आणि न्हाणीच्या चुलीत घातले.

मी खिडकीतून बघत होते. तानीही चुलीपाशी उभी राहून बघत होती. तिने खोकून नाक पुसलं. सासूबाई म्हणाल्या, हिलाही कापूस बाधला वाटतं. आम्ही सात घरांची यादी केली होती. तानीकडे प्राणी नव्हता, म्हणून तानीचं नाव यादीत नव्हतं.

मला घाटावरच्या एका सॅनिटोरियममध्ये ठेवलं. सॅनिटोरियम म्हणजे क्षयाच्या रोग्यांचं इस्पितळ, पण औषधं थोडी आणि पडून राहणं फार. उघड्या ओसरीवर खाटा, प्रत्येकीला थुंकीचा झाकणाचा डबा. दूध, अंडी. अंड्यांचं सासूबाईंना कळू दिलं नाही. मग न्यूमोथोरॅक्स सुरू केलं. त्यात बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरतात, म्हणजे दुखरं फुप्फुस मिटून पडतं आणि त्याला विश्रांती मिळते. सुई बघून पहिल्या दिवशी मी तिथल्या डॉक्टरांना म्हटलं, आजवर मी हत्तींना टोचत आले, आता माझी पाळी. ते हसले नाहीत.

माघात ह्यांचं पत्र आलं. आंब्याला मोहोर चांगला आहे, वन्सं सासरी सुखी आहेत आणि खाली एक ओळ, गंगूची तानी गेली. ताप आला, उलट्या झाल्या, मान ताठ झाली, नवव्या दिवशी संपली.

पत्र घेऊन मी डॉक्टरांपुढे उभी राहिले. त्यांनी दोनदा वाचलं. ही कोण, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. जवळ बसायची का? बसायची. किती वेळ? रोज दुपारभर. ते म्हणाले, "हा मेनिंजायटिस दिसतो. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरतात. लहान मुलांत होतं तसं." मी सात घरांचं विचारलं. तिथली मुलं ठणठणीत असल्याचं ह्यांच्या पत्रांतून कळलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोऱ्याच्या थुंकीची फारशी भीती नव्हती. भीती खोकल्याची. जवळ बसणाऱ्याची.

म्हणजे जाळायचे नव्हते ते सात आम्ही जाळले आणि दूर करायची ती एकटी जवळ ठेवली. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना, तरी मी खाल्लं. वजन वाढलं. दीड वर्षाने थुंकी निर्मळ निघाली. लोक म्हणतात पुण्याई. तानीच्या वाट्याला ती का आली नाही, हे कुणी सांगत नाही.

घरी आल्यावर मी गंगूकडे जायला निघाले. ह्यांनी अडवलं. कशाला जुन्या जखमेवर मीठ? सासूबाई म्हणाल्या, ती काय गावभर सांगत सुटेल, वन्संच्या सासरी कळेल. दोघांचंही खरं होतं. आठ दिवस मी गप्प बसले. नवव्या दिवशी गेले.

गंगू अंगणात माडाची चुडतं विणत होती. मला बघून उठली नाही. वाळली होती पार. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मला क्षय होता, तो आम्ही लपवला, तानी माझ्या मांडीवर बसायची, तिला माझ्यामुळे लागला. तुला वेळेवर सांगितलं असतं तर तिला माझ्याजवळ पाठवली नसतीस. आता तोंडाला येईल ते बोल, असंही म्हटलं.

चुडत तसंच हातात. मग तिने विचारलं, मान ताठली ती त्यानंच काय? मी म्हटलं, डॉक्टर तसंच म्हणाले.

"घागर फोडलीन तिनं," गंगू म्हणाली. "मी टाळक्यात मारलंय. दुसऱ्या दिशी ताप. मी कुणाला सांगितलं नाय."

घरधन्यालाही नव्हतं सांगितलं तिने. दीड वर्ष ती बाई तो उजवा हात घेऊन वावरत होती. मी घाटावर दूध पीत होते तेव्हा, अंडी खात होते तेव्हा.

"मग माज्या हातान नाय गेली ती?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या खोकल्याने गेली."

गंगूने चुडत खाली ठेवलं आणि ती म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं.