स्पर्धेबाहेरचा संघ

डिसेंबरचा दुसरा शुक्रवार, दुपार. बहरीनमधल्या जनाबियातलं भाड्याचं फुटबॉल मैदान, पाच-पाच खेळाडूंचं. हजर: मूळ मंडळाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे म्हणून आणलेले दातांचे एक डॉक्टर, ज्यांनी आल्या आल्या मला सांगितलं की त्यांना फुटबॉल कळत नाही, चार संघ, कोल्हापूरकडच्यांचा ढोल, वाजवणाऱ्यांसकट, समित्यांमधले नवरे-बायका आणि त्यांची इंग्रजी शाळेतली मुलं, मैदानाचा मल्याळी रखवालदार, आणि मी, पाणी, बर्फ, संत्री, प्रथमोपचाराची पेटी आणि भाड्याच्या खुर्च्या यांच्यासह. गैरहजर: फुटबॉल. तो भाषणं संपल्यावर आला.

मी बहरीनला आले तेव्हा मराठी मंडळ एकच होतं. मग ते फुटलं. कोकणातले लोक गणपतीच्या आरतीत आधी कोण उभं राहणार यावरून बाहेर पडले. कोल्हापूर-सांगलीकडचे स्नेहसंमेलनात मटण नको म्हटल्यावर बाहेर पडले, आणि या कारणाबद्दल मला त्यांचा आदर आहे. आम्ही बौद्ध मंडळी, बहुतेक टेक्निशियन आणि ऑफिसातले, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमावरून बाहेर पडलो. गणपतीला मोठा हॉल मिळायचा, हळदीकुंकवाला मिळायचा, आमच्या जयंतीला मात्र दर वर्षी 'पुढच्या महिन्यात बघू, इंशाल्ला'. जयंती पुढच्या महिन्यात होत नसते. आम्ही आमचा वेगळा संघ काढला, त्याची सचिव मी. जनाबियातल्या बंगल्यांमध्ये राहणारे जे मागे उरले ते स्वतःला मूळ मंडळ म्हणवू लागले. फळ्या उडून गेल्यावर उरलेल्या खिळ्याने स्वतःला दार म्हणावं, तसं.

या मूळ मंडळाच्या अध्यक्षांना गेल्या वर्षी एकीची आठवण झाली. ते पूर्वी कझाकस्तानात तेलाच्या कामावर होते आणि प्रत्येक बैठकीत आम्हाला एकदा तरी तिथली थंडी भोगावी लागते. त्यांनी सांगितलं, की सोव्हिएत युनियन फुटलं तरी त्याच्या जुन्या प्रजासत्ताकांचे विजेते क्लब दर जानेवारीत रशियात जमायचे, छताखालच्या मैदानावर एकमेकांशी खेळायचे. देश वेगळे झाले, पण चेंडू एकच राहिला. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा टाळ्या पडल्या नाहीत. तर तसाच आपणही चषक सुरू करावा. प्रत्येक मंडळाने आपापल्यात सामने खेळवावेत आणि जिंकणारा संघ इथे पाठवावा.

घरी आल्यावर मी लेकीला हे सांगितलं. तिने फोनवर शोधलं आणि जेवताना म्हणाली, "आई, इट्स डेड. दे स्टॉप्ड इट इयर्स अगो." शेवटी शेवटी मोठे क्लब तिकडे आपले राखीव खेळाडू पाठवायचे म्हणे, खरे विजेते सुट्टीवर. आमच्या अध्यक्षांनी जगातून नमुना निवडला तोही बंद पडलेला. पण मी गप्प बसले. एकीच्या कामात पहिल्याच दिवशी खोट काढली की काढणाऱ्यालाच फुटीर म्हणतात, आणि तो शिक्का आमच्यावर आधीच होता.

संयुक्त समितीत कामं वाटली गेली. अध्यक्षांकडे मार्गदर्शन. कोकणवाल्यांकडे ध्वनिक्षेपक. कोल्हापूरकडच्यांकडे 'वातावरणनिर्मिती', म्हणजे ढोल. उरलेलं सगळं माझ्याकडे: मैदानाचं बुकिंग, पंच, खुर्च्या, पाणी, बनियनं, सित्र्याच्या कारखान्यांकडून खेळाडूंना आणणारी बस. "ताई, तुमच्यासारखं काटेकोर कोणाला जमतं?" असं म्हणून समितीतला प्रत्येक पुरुष चहाकडे वळला. काम करून घ्यायचं असलं की आमच्या लोकांना स्तुती फार छान जमते.

स्पर्धेच्या आधीच्या बैठकीत गुणतक्ता वाटला. त्यात तीन नावं होती. आमचं नाव खाली, रेघेच्या पलीकडे: 'पाहुणा संघ, स्पर्धेबाहेर'. म्हणजे आम्ही सगळ्यांशी खेळायचं, पण आमच्या सामन्यांचे गुण कोणालाच नाहीत. आम्ही जिंकलो तरी शून्य, हरलो तरी शून्य. अध्यक्षांचं म्हणणं असं, की हा चषक विभागांचा आहे. कोकण हा विभाग, कोल्हापूर-सांगली हा विभाग. तुमचा विभाग कोणता?

आमचा कर्णधार माझ्या शेजारी बसला होता. अकोल्याचा, तिशी ओलांडलेला, सित्र्याच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. जीभ अशी की तिच्यावरच एखादा प्रेशर गेज बसवायला हवा. तो म्हणाला, "साहेब, मूळ मंडळाचा विभाग कोणता? जनाबिया?"

कोल्हापूरकडचे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी पुन्हा रशिया काढला. तिथेसुद्धा एक संघ स्पर्धेबाहेर खेळायचा, त्याचे निकाल धरत नसत, आणि त्याला कधी कोणी अपमान मानलं नाही, वगैरे.

हे लेकीने मला आधीच वाचून दाखवलं होतं, म्हणून या वेळी मी गप्प बसले नाही. "तो यजमानांचाच तरुण संघ होता, साहेब," मी म्हटलं. "घरच्यांनी आपले गुण सोडले होते. पाहुण्यांचे कापले नव्हते. बाल्टिककडचे देश तर सोव्हिएत फुटल्यावर निघालेल्या त्या नव्या राष्ट्रकुलात गेलेच नाहीत, तरी त्यांचे विजेते येऊन खेळायचे, आणि त्यांचे गुण धरायचे. नमुना घ्यायचा तर पुरता घ्या. यजमान तुम्ही आहात."

अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही फार वैयक्तिक घेता." मग विषय पुढच्या बैठकीकडे ढकलला. स्पर्धेच्या आधी पुढची बैठक नव्हती.

बाहेर गाडीपाशी मी कर्णधाराला सांगितलं, की आपण नाव काढून घेऊ. बस मी रद्द करते, खुर्च्या त्यांच्या ते आणतील.  हा मुलगा मंडळ एक होतं तेव्हा त्यांच्या संघात खेळला होता, माणूस कमी पडला की बोलावलेला. गोल त्याचे असायचे आणि फोटोत दुसरेच. आता त्याने सित्र्यातल्या पोरांची शिफ्ट बदलून बदलून संघ उभा केला होता, आमच्या नावाचा पहिला. तो म्हणाला, "मला कप नको, ताई. आपल्या नावापुढे आकडा पाहिजे. खेळलो नाही तर ते म्हणतील, आलेच नाही. खेळून घेऊ, मग आकडा मागू. तो मागायचं काम तुमचं."

म्हणून आम्ही गेलो. आणि पाहुणे असूनही पाणी, बर्फ आणि संत्री आम्हीच नेली. जगात असा पाहुणा दुसरा नसेल.

उद्घाटनाला समई होती. रखवालदाराने सांगितलं, टर्फवर आग नाही चालणार. अध्यक्षांनी त्याला हिंदीत संस्कृती समजावली. त्याने चांगल्या हिंदीत टर्फचा भाव सांगितला. समई मग फाटकाबाहेर एका गाडीच्या बॉनेटवर ठेवली गेली. डिसेंबरातल्या वाऱ्यात ती तेवायला तयार नव्हती, म्हणून दोन समिती-सदस्य शाली पसरून तिच्याभोवती उभे राहिले, नवरीला आडोसा धरल्यासारखे. डॉक्टरांनी वात लावली, फोटो निघाला, वात विझली. त्यानंतर स्वागत, प्रास्ताविक, मनोगत, आणि ज्यांचं स्वागत राहिलं त्यांचं स्वागत. मैदान तासांवर घेतलेलं होतं आणि बुकिंग मीच केलेलं, त्यामुळे प्रत्येक हार मला मिनिटांत दिसत होता. मी पंचांना जाऊन सांगितलं, सामने निम्मे करा. ते इजिप्तचे होते. त्यांनी व्यासपीठाकडे बघून विचारलं, हे लग्न आहे का?

तीन संघांना रंगीत बनियनं होती. समितीच्या ठरावानुसार आम्हाला पांढरी. मी ती गोणीतच राहू दिली आणि आमच्या पोरांना आमची निळी दिली. ठराव मोडला, अशी नोंद कोणाला करायची असेल तर करावी.

कोकणवाल्यांशी आमची बरोबरी झाली. तो सामना दोन्हीकडच्या ड्रायव्हर आणि फिटर पोरांनी जीव लावून खेळला आणि संपल्यावर एकाच बाटलीतून पाणी प्यायलं. मूळ मंडळाला आम्ही हरवलं. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही, कारण त्यांचा गोलकीपर अर्धा वेळ फोनवर होता. कोल्हापूरकडच्यांनीही त्या दोघांना हरवलं. मग शेवटचा सामना, कोल्हापूर आणि आम्ही. कागदावर त्याला काही अर्थ नव्हता. त्यांचे दोन विजय झालेले, चषक त्यांचा ठरलेला, आणि आमच्याशी हरले तरी बिघडत नव्हतं.

पण कोल्हापूरच्या माणसाला असं सांगून उपयोग नसतो. त्यांचा कर्णधार पेठेतल्या तालमीत वाढलेला. तिथे फुटबॉल हा खेळ नसतो, घराण्याचा प्रश्न असतो. इथे तो एका गॅरेजमध्ये काम करतो. त्याने आपल्या पोरांना रिंगणात उभं करून जे सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. ढोल थांबला. पहिला गोल त्यांचा. मग आमच्या कर्णधाराने दोन केले, दुसरा अगदी शेवटी. कुंपणाला टेकलेली आमची सित्र्याची पोरं ओरडत राहिली. आमच्या बायकांनीही ओरडून घेतलं. माझी लेक जवळ येऊन म्हणाली, "सो वी वन, राइट?" मला तिला सरळ हो म्हणता आलं नाही. त्या दिवशी सगळ्यात जास्त राग मला याचाच आला.

बक्षीस समारंभात अध्यक्षांनी आधी आमच्या कर्णधाराला बोलावलं. 'विशेष सत्कार, पाहुणा संघ.' शाल आणि श्रीफळ. ज्याला हक्काचं द्यायचं नसतं त्याच्या खांद्यावर शाल टाकायची, ही आपली जुनी पद्धत. शाल मऊ असते, घेणाऱ्याला ओरडता येत नाही. त्याने नारळ घेतला, शाल घेतली, ध्वनिक्षेपकापाशी गेला आणि एवढंच म्हणाला, "शालीवर स्कोअर लिहिलेला नाही, साहेब." आणि खाली उतरला.

मग चषकासाठी कोल्हापूरच्या कर्णधाराचं नाव पुकारलं. तो जागचा हलला नाही. पुन्हा पुकारलं. तेव्हा तो तिथूनच, ध्वनिक्षेपकाशिवाय बोलला. "काय ओ साहेब, हरल्यावर कप घिऊन मी पेठंत तोंड कसं दावू? आत्ता फोनवर बघायलेत सगळी तिकडं. तालमीत घेणार न्हाईत मला."

 डॉक्टर चषक दोन्ही हातांत धरून उभे होते. बिचारे, त्यांना खाली ठेवू का असं विचारायचं होतं, पण कोणाला विचारावं ते कळेना. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावर जाहीर केलं, की चषक म्हणजे केवळ धातू आहे, खरा विजय एकीचा. मग अल्पोपाहार. मैदानाची वेळ संपली होती आणि रखवालदार दिवे घालवायला लागला. सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले. एकी कशी असते ते पाहायचं असेल तर कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं ते पाहावं. मी, आमची पोरं आणि कोल्हापूरची चार माणसं होतो. चषक टेबलावर तसाच राहिला होता. मी तो डिकीत टाकला.

दुसऱ्या दिवशी मी गुणतक्ता नव्याने केला. सहा सामने, चार नावं, मधे रेघ नाही. आमचे सात, कोल्हापूरचे सहा. शेवटी चारही मंडळांच्या सह्यांसाठी जागा. कर्णधाराने काम मला दिलं होतं, आणि मी घेतलेलं काम अर्धवट ठेवत नाही. आमची सही माझीच. कोल्हापूरचा कर्णधार गॅरेजमध्ये गाडीखाली होता. हात पुसून बाहेर आला, बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी फेडतो ओ." कोकणवाल्यांच्या प्रमुखाला मी बाब अल बहरीनच्या बाजारात गाठलं. त्याच्या लेकीच्या लग्नाची खरेदी चालली होती. त्याने सोनाराच्या काउंटरवर सही केली आणि सांगितलं, की अध्यक्षांना माझं नाव आधी सांगू नका, शेवटी सांगा. भित्र्या माणसाची सहीसुद्धा सहीच असते.

अध्यक्षांना मी फोन केला. ते म्हणाले, बघू. परत केला. ते म्हणाले, समितीत ठेवू. मग मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्या बायकोने सांगितलं पुण्याला गेलेत. आल्यावर विचारलं तेव्हा म्हणाले, "करू ना ताई, इंशाल्ला." आमची जयंती ज्या शब्दावर वाहून गेली तोच शब्द.

कर्णधार दर आठवड्याला विचारतो. परवा त्याची नाइट शिफ्ट होती, तरी सकाळी झोपण्याआधी फोन केला. "तीन झाल्या ना, ताई?"

"तीन झाल्या."

"मग चौथी?"

चौथी राहिली आहे. येत्या शुक्रवारी सकाळी, अध्यक्ष चालायला बाहेर पडायच्या आत, मी पुन्हा जनाबियात जाणार आहे. कागद गाडीत आहे, पेन दोन ठेवली आहेत.