नाव सांगा आणि नाव घ्या

तुमच्या नोकरीतलं सर्वांत मोठं प्रकरण कोणतं, असं लोक विचारतात. खून, दरोडे, महामार्गावरचे अपघात, सगळं पाहिलं. पण कोणी न विचारता मला आपोआप आठवतं ते एका बिअर शॉपीचं प्रकरण. त्यात कोणी जखमी झालं नाही, कोणाला अटकही झाली नाही.

पेण आणि रोहा यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात, रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकाचा गाळा होता. तिथे त्याला बिअर शॉपी काढायची होती. त्यासाठी ग्रामपंचायतीची ना-हरकत हवी होती. गाळ्यासमोर अंगणवाडी होती आणि रोह्याच्या कंपन्यांतली शिफ्ट सुटली की गावातले पुरुष स्टेशनवर उतरून याच रस्त्याने घरी जात. बायकांनी महिला ग्रामसभेत ठराव केला की या दुकानाला ना-हरकत देऊ नये. ठरावाखाली त्यांनी सह्या केल्या आणि ग्रामपंचायतीने तो मान्य केला.

मग गाळामालकाचा तक्रारअर्ज आमच्याकडे आला. सह्या खोट्या आहेत, या बायका सभेला नव्हत्याच, अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी एकटीने बसून सह्या केल्या, असं त्याचं म्हणणं. कोणाच्या सह्या खोट्या, तीही नावं त्याने दिली होती. त्याच दिवशी ठाण्यात एक फोन आला. बोलणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही.

"सायब, त्या बायांना एकेकीला बोलवा नि पूर्ण नाव इचारा. सांगता येनार नाय. मग कळंल सह्या कोनी मारल्यात ते."

कुठल्याही चौकशीला हात घालण्याआधी कामं क्रमाने लिहून काढायची, ही माझी सवय. तशी लिहिली. मूळ ठराव मागवणे. सह्या तपासणे. बायकांचे जबाब घेणे. शेवटी मदतनीस बाई. खाली एक सूचना: बायकांनी एकेकट्याने आत यायचं, सोबत मुलगा, सून, नवरा कोणी नको. पढवून आणलेले जबाब मला नको होते.

ठराव आला. सह्या पाहिल्या आणि मी खुर्चीत सरळ बसलो. ज्या ज्या सहीत 'ब' होता, तिथे त्याचं पोट सारखंच गोल होतं. प्रत्येक सहीच्या शेवटी शिरोरेघ सारखीच पुढे ओढलेली. एका हाताचं वळण लपत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. आमचे लेखनिक हवालदार समोरच्या खोलीत जबाब घेत होते. जबाबाची सुरुवात ठरलेली: संपूर्ण नाव, वय, धंदा, राहणार. मी माझ्या खोलीत दुसरी कामं उरकत होतो. माझ्यासमोर येत होते ते फक्त कागद, आणि एकामागून एक कागदावर तेच वाक्य: 'स्वतःचे संपूर्ण नाव सांगू शकली नाही.'

हवालदार आत आले. "साहेब, फोनवाला खरं बोलत होता. नाव विचारलं की पदर तोंडाला लावतात, दाराकडे बघतात, खाली बघतात. माझ्या मते भाड्याने आणलेल्या बायका."

मग मी मदतनीस बाईंना आत बोलावलं. पन्नाशीच्या आतबाहेर वय, साडीवर अंगणवाडीचं ओळखपत्र लावूनच आल्या होत्या.

"सह्या कोणी केल्या?"

"ज्यांच्या त्यांनी."

"अक्षर एकच दिसतंय."

"दिसनारच. शिकवलं कोनी? मी. दुपारी पोरं घरी गेली की पोरांच्याच पाट्यांवर गिरवून घेतलंय सगळ्यांकडनं. आधी अंगठा करायच्या सगळ्या."

"आणि यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, ते कसं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "नाव त्यांना लिवता येतंय सायब, सांगता कसं येनार नाय?"

"खोटं निघालं तर काय होईल, माहीत आहे ना?"

"व्हय. गुन्हा लागंल, अंगनवाडीतनं काढतील. ते मी बघीन. पन या बाया परत कागदाला हात लावनार नायत. म्हनतील, अंगठाच बरा व्हता."

खोटं बोलणारा माणूस आपल्या बचावाचं बोलतो. या बाई दुसऱ्यांचं बोलत होत्या. मी पुन्हा अर्ज आणि ठराव शेजारी शेजारी ठेवले. ठरावावर तरुण सुनांच्याही सह्या होत्या. त्यातल्या एकीचंही नाव अर्जात नव्हतं. अर्जदाराने फक्त वयस्कर बायका निवडल्या होत्या. का?

तेवढ्यात बाहेर आवाज चढला. व्हरांड्यातल्या बाकावर गाळामालक बसला होता. त्याच्यासमोर एक म्हातारी हात नाचवत उभी होती. ही त्याची आई. तिची सहीही ठरावावर होती, पण मुलाच्या अर्जात ती नव्हती. बोलावणं नसताना बाकीच्यांबरोबर आली होती.

"माझी सही खरी नि हिची खोटी?" तिने शेजारच्या आजीचा दंड धरला. "अरं, माझ्या मांडीला मांडी लावून केली तिनं!"

"आय, तू घरी जा ना."

"का जाऊ? जबाब देऊन जानार."

हवालदारांनी तिलाही रीतसर विचारलं. "आजी, आधी पूर्ण नाव सांगा."

तिने स्वतःचं नाव सांगितलं, घराण्याचं आडनाव सांगितलं, आणि थांबली.

"नवऱ्याचं नाव?"

तिने पदर पुढे ओढला. मग तिने मुलाकडे बोट केलं.

"ह्याला इचारा."

"नाही, तुम्हीच सांगायचं. साहेबांचा हुकूम आहे."

"मी कशी सांगू? लगीन झाल्यापासून तोंडातनं काढलं नाय." आणि ती मुलावर कडाडली, "गप काय बसलास? सांग की रं! तुझ्या बापाचं नाव काय?"

पोलीस ठाण्यात हा प्रश्न बहुधा आम्ही विचारतो. व्हरांडा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. पहाऱ्यावरच्या शिपायाने तोंड भिंतीकडे केलं. गाळामालकाने मान खाली घालून वडिलांचं नाव सांगितलं.

"आता कसं आठवलं?" आई म्हणाली. "आय बापाचं नाव घेत नाय, हे ठाव हाय तुला. म्हनून तर म्हाताऱ्याच निवडल्यास."

सगळा उलगडा त्या एका वाक्यात झाला. मी गाळामालकाला आत घेतलं. "फोन तुझाच ना?"

त्याने मान चोळली. "सायब, कंपनीतनं कमी केलंय मला. कायतरी धंदा पायजे ना."

"धंदा कर की," आई दारातूनच म्हणाली. "गिरन टाक, किराना टाक. मीच बसते गल्ल्यावर. पन ते नको."

प्रश्न एवढाच उरला की जबाब पुरे कसे करायचे. हवालदार म्हणाले, "साहेब, नवऱ्याचं नाव तर लागणारच. मुलांना बोलावलं तर उद्या कोणी म्हणेल, पढवलं." एका आजीने तोवर मदत करून पाहिली. "आमच्या पेनला कारखान्यात काय बनवतात? तेच."

"मूर्ती?" हवालदार म्हणाले.

"अरं बाबा, कुनाची?"

या लेखात मी कोणाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे तेही नाव वाचकांनीच ओळखावं. पण सगळ्यांच्याच नवऱ्यांची नावं काही कारखान्यात बनत नव्हती. मी व्हरांड्यात गेलो.

"आजी, नाव सांगू नका. नाव घ्या."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने दुसरीला कोपर मारलं. "तू घे गो आधी, लई हौस तुला!" दुसरीने पदर सावरला आणि ठाण्याच्या व्हरांड्यात खणखणीत म्हणाली:

"तांदळाच्या भाकरीसंगं सुकटीचं कालवन,
अमुकरावांचं नाव घेते, पोलिसांचं आलंय बोलावन!"

अमुकराव माझे; तिथे तिने नाव नीट, स्पष्ट घेतलं. मग रांगच लागली.

"कासूला थांबते रोह्याची गाडी,
अमुकरावांचं नाव घेते, नेसून नवी साडी!"

"नवी कुठली गो? गेल्या दिवाळीची हाय ती!"

हवालदारांनी पेन धरूनच विचारलं, "साहेब, हे जबाबात घ्यायचं?"

"जबाब कसा लिहितात?"

"देणार जसं सांगेल तसा."

"मग लिहा."

शेवटी प्रत्येकीने माझ्यासमोर सही केली. त्या वेळी मी मदतनीस बाईंना मुद्दाम बाहेर बसवलं होतं. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत सह्या झाल्या, आणि सही झालेल्या प्रत्येकीला ठाण्याचा चहा मिळाला. तेच गोल पोट, तीच पुढे ओढलेली रेघ. वळण बाईंचं, हात ज्यांचे त्यांचे. अहवालात मी तसंच लिहिलं. अर्ज निकाली निघाला, ठराव कायम राहिला, बिअर शॉपी झाली नाही. गाळामालकाला लेखी समज दिली. आईने दिलेली वेगळी होती, तिची नोंद नाही.

बायका निघाल्या तेव्हा मी मदतनीस बाईंना म्हणालो, "तुमच्या शिकवणीने तुम्हालाच गोत्यात आणलं होतं."

"आता येकीला येक, येकीला दुसरी रेघ शिकवते," त्या म्हणाल्या. "अजून चार जणी यायच्यात. आज त्यांनी बाहेरून बगितलं ना, सही केली की ठान्यात चहा भेटतो."

गप्प बसणारा माणूस काही तरी लपवतो, असं आम्हाला नोकरीत लवकर वाटायला लागतं, आणि पुष्कळदा ते खरंही निघतं. पण काही माणसं कोणाचा तरी मान राखायला गप्प असतात, आणि कागदावर दोन्ही प्रकारचं गप्प राहणं सारखंच दिसतं. म्हणून त्यानंतर मी प्रत्येक ठाण्यात लेखनिकाला एक सूचना देत गेलो. बाई नावापाशी अडली, तर 'सांगू शकली नाही' असं लिहायचं नाही. पेन खाली ठेवायचं, चहा मागवायचा, आणि कसं विचारलं तर बरं वाटेल, ते तिलाच विचारायचं. बहुतेक वेळा चहा येण्याआधी नाव येतं.